झोपवलेली तिकिटं

‘वैनगंगा’ नावाच्या खोलीत सहा खुर्च्या होत्या, एक गोल टेबल, भिंतीवर एक पांढरा फळा आणि फळ्याखालच्या पट्टीवर चार पेनं. चारांपैकी तीन वाळली होती. हेरंब येईपर्यंत मी ती एकेक करून तपासली होती. आमच्या कंपनीत मीटिंगच्या खोल्यांना नद्यांची नावं होती आणि वैनगंगेला खिडकी नव्हती.

हेरंब नाडकर्णी आमचा टीम लीड. आत आला, दार लावून घेतलं, दार नीट लागलंय ना हे हँडल ओढून पाहिलं आणि खिशातून संत्रं काढून सोलायला बसला. टेन्शन आलं की तो संत्री खातो, हे टीममध्ये सगळ्यांना माहीत होतं.

“तू एमएस्सी फिजिक्स ना, शाल्मली?”

“हो.”

“म्हणजे आकड्यांची भीती नाही. एक काम आहे. कुणाशी बोलायचं नाही. टीममध्ये तर अजिबात नाही.”

“बरं.”

“आपण अकरा जण. वरून असं आलंय की वर्षाच्या श्रेणी देताना अकराच्या टीममध्ये ए दोन, बी पाच, सी तीन आणि डी एक. बेरीज जमतेय ना?”

“जमतेय. डी म्हणजे काय?”

“डी म्हणजे ‘सुधारणा योजना’. साठ दिवस. त्यात कुणी सुधारलेलं मी आजवर पाहिलं नाही. लोक आधीच दुसरीकडे जागा बघतात आणि जातात.”

“आणि अकराही जण चांगलं काम करत असतील तर?”

“त्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाहीये.” त्याने एक फोड माझ्यापुढे सरकवली. “मागच्या वर्षी मी एकाला डी दिला. माझ्या मनाने दिला. त्याच्या बायकोचा मला फोन आला होता. या वेळी मला माणूस निवडायचा नाहीये. आकड्याला निवडू दे. शुक्रवारी दुपारी दोनला यादी बंद होते. तोवर मला अशी पद्धत दे, की कुणी म्हणता कामा नये, हेरंबने तोंड बघून केलं.”

मी तेवीस वर्षांची होते. कंपनीत येऊन आठ महिने झाले होते आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच कुणी मला पद्धत शोधायला सांगत होतं. मी ती फोड खाल्ली आणि म्हणाले, “नावं झाकून करूया.”

“म्हणजे?”

“तुम्ही मला फक्त कामाला लागलेल्या वेळा द्या. नावांच्या जागी अक्षरं घाला. क, ख, ग असं. कोण कुठलं अक्षर, ते तुमच्याकडेच राहू दे. मला कळलंच नाही, तर माझाही कल कुठे जाणार नाही. प्रयोगात असंच करतात.”

कंपनीत सगळ्यांना नावाने हाक मारायचा नियम होता, ‘सर’ म्हटलं की हसायचे. पण मी तासगावची. मला नाव घेऊन ‘तू’ म्हणवत नव्हतं. म्हणून मी त्याचं नाव टाळायचे आणि ‘तुम्ही’ म्हणायचे.

“हुशार आहेस,” तो म्हणाला. “चौथ्या इमारतीत विश्लेषणाची टीम आहे, तिथे जायचंय ना तुला? मी लिहीन तुझ्यासाठी.”

हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. पण खरं होतं. मला तिथे जायचंच होतं, दुसरं काही नको होतं.

आमचं काम काय होतं ते आधी सांगते. ऑस्ट्रेलियातली एक कंपनी दवाखान्यांना औषधं पुरवायची. तिच्या गोदामांचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळायचो. तिथल्या कुणाला अडचण आली की तो तक्रार नोंदवायचा. तिला तिकीट म्हणायचे. तिकीट पडलं की घड्याळ सुरू व्हायचं. अडचण सोडवून तिकीट बंद केलं की घड्याळ थांबायचं. महिन्याची सरासरी चार तासांच्या आत राहिली पाहिजे, असा करार होता. तिकडची वेळ आपल्या पुढे, म्हणून आमची शिफ्ट पहाटे साडेपाचला सुरू होऊन दुपारी दोनला संपायची.

वर्षभर त्याच त्या सात-आठ अडचणी यायच्या. त्यातल्या एकीचं मूळ मी तिसऱ्या महिन्यात शोधून काढलं होतं. गोदामातला माल एका रॅकवरून दुसऱ्या रॅकवर हलवला की मधल्या अर्ध्या तासात तो कुठेच दिसायचा नाही. मी चार पानं लिहून हेरंबला दिली. तो म्हणाला, “मस्त. पण ते दुरुस्त करणं आपल्या टीमचं काम नाही. ती टीम वेगळी.” वेगळ्या टीमला पाठवलं तर उत्तर आलं, की यासाठी ग्राहकाची मागणी लागेल. ग्राहक म्हणाला, त्यासाठीच तर तुम्हाला ठेवलंय. त्यानंतर मीही ती अडचण सोडवत राहिले, दर आठवड्याला नव्याने. दीड हजार माणसं एका इमारतीत बसायची, बावीस प्रकारचं जेवण मिळायचं, तळमजल्यावर डॉक्टर होता, आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कंपनीच्या विम्यात एक कागद न हलवता झालं होतं. आणि त्या सगळ्यात ‘हे असं का होतं?’ हा प्रश्न कुणाला विचारायचा, ते सांगणारं कुणी नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती. ती कुठल्याही प्रशिक्षणात शिकवली नव्हती. शेजारच्या पल्लवीने मला दुसऱ्या आठवड्यात शिकवली. तिकीट ‘ग्राहकाच्या उत्तराच्या प्रतीक्षेत’ टाकलं की घड्याळ थांबायचं. म्हणून तिकीट अवघड निघालं की ग्राहकाला काहीतरी विचारायचं. ‘कृपया स्क्रीनचा फोटो पाठवा.’ फोटो आधीच पाठवलेला असला, तरी ‘कृपया स्पष्ट फोटो पाठवा.’ याला आम्ही तिकीट झोपवणं म्हणायचो. “अगं, साडेतीन झाले ना तास, मग झोपव की,” असं उघड बोललं जायचं. तिकडे संध्याकाळ झालेली असेल, तर उत्तर दुसऱ्या दिवशी यायचं. तिकीट रात्रभर झोपायचं, आपणही.

मला हे पटायचं नाही. पण यादी करताना मी मनाशी असा हिशेब मांडला: सगळेच झोपवतात. उपकरणातली चूक सगळ्या मोजमापांत सारखीच असेल, तर मोजमापं चुकतात, क्रम चुकत नाही. मला क्रमच हवा होता.

सगळे झोपवतात की नाही, हे मी तपासलं नाही.

तीन महिन्यांची तिकिटं होती, प्रत्येकाची साधारण एकशे चौदा. मी सोपी-अवघड अशी वर्गवारी केली, रजेचे दिवस काढले, दोन वेगवेगळ्या रीतींनी सरासरी काढली. दोन्हींत क्रम तोच आला. क पासून ड पर्यंतच्या अकरा अक्षरांत दहा जण तीन तास वीस मिनिटं ते चार तास दोन मिनिटं यांच्यात दाटीने बसले होते. अकरावा ‘ज’, सहा तास अठ्ठेचाळीस मिनिटांवर, एकटाच. प्रयोगशाळेत एखादा बिंदू इतका लांब पडला की आधी उपकरण उघडून बघायचं, हे मला पहिल्या वर्षापासून शिकवलं होतं. मला मात्र त्या दिवशी बरं वाटलं. निकाल इतका स्वच्छ होता.

बुधवारी मी तो कागद वैनगंगेत हेरंबपुढे ठेवला. त्याने पाकिटातून घडी केलेली चिठ्ठी काढली, बोट फिरवत खाली आला आणि थांबला. त्या दिवशी संत्रं नव्हतं. तो नुसताच अंगठ्याचं नख खरवडत राहिला.

“ज म्हणजे साजिद,” तो म्हणाला.

साजिद शिकलगार माझ्या डाव्या हाताला बसायचे. मिरजेचे. कंपनीत सात वर्षं झालेली. पहिल्या दिवशी मी बसमधून उतरून चुकीच्या इमारतीत गेले होते, तेव्हा तेच मला हाताला धरल्यासारखे घेऊन आले होते. “तासगावची व्हय? मग तू घरचीच,” असं म्हणाले होते. आठ महिन्यांत मी जे काही शिकले होते, ते त्यांच्याकडून.

“काहीतरी चुकलंय,” मी म्हणाले.

“तूच केलंस.”

“मी परत बघते.”

“बघ. शुक्रवारी दोन वाजेपर्यंत.” मग तो म्हणाला, “तू छ आहेस. चौथी. बी मिळेल तुला.”

मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेआठच्या नाश्त्याला साजिदभाई नेहमीच्या खांबाजवळ बसले होते. डब्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. समोर फोन उभा करून ठेवला होता. त्यावर त्यांची मुलगी माहिरा. चार वर्षांची, जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आदल्या वर्षी कानात यंत्र बसवायचं मोठं ऑपरेशन झालं होतं, तेही कंपनीच्या विम्यात. आता रोज दुपारी चार ते सहा तिला बोलायला शिकवायचं, एक दिवसही न चुकता, असं दोन वर्षं. बायको शाळेत शिक्षिका, ती सहाला यायची. म्हणजे ते दोन तास साजिदभाईंचे.

“या शास्त्रज्ञबाई,” ते म्हणाले. “पोहे घिऊ नको, आज मीठच न्हाई. हे बघ, काल काय म्हणाली. ‘पंखा’. पं-खा. आता दिवसभर पंखा. फॅन बंद करू देत न्हाई घरात.”

“किती शब्द झाले?”

“त्रेसष्ट.” त्यांनी बोटाने चटणी पुसून घेतली. “डॉक्टरीणबाई म्हणतात, शाळंच्या वयापर्यंत चारशे झाले की मग पुढं ती आपली आपण धावंल. म्हणून तर हितं बसलोय. दोनदा परदेशाचं आलं, न्हाई म्हणालो. लोक म्हणतात, मोठ्या कंपनीत माणूस हरवतो. आरं, मला हरवायचंच होतं! दोनला बस, कुणाच्या ध्यानात यायच्या आत गेटबाहीर. लहान कंपनीत मालक दारात उभा राहून विचारंल, कुठं निघालास म्हणून.”

मी पोहे चिवडत होते. शेवटी विचारलं, “साजिदभाई, तुम्ही तिकिटं झोपवता का हो?”

“का?”

“असंच.”

“न्हाई.”

“एकही नाही?”

“कशापायी? तिकडं गोदामात एक बाई बसलीय. हेदर का कोण. तिला दवाखान्यातनं फोन येतोय, इन्सुलिन कुठाय म्हणून. तिनं फोटो पाठवलाय, वेळ लिहिलीय, सगळं लिहिलंय. तिला परत म्हणायचं फोटो पाठवा? ती काय खुळी हाय?” मग ते हसले. “आन् खरं सांगू का, त्यात माझापण स्वार्थ हाय. झोपवलेलं तिकीट डोक्यात झोपत न्हाई. चार ते सहा मला डोकं मोकळं लागतंय. पंखा म्हणताना मनात तिकीट असलं तर पोरीला कळतं, तोंडाकडंच बघत असती ती.”

“पण मग तुमची सरासरी...”

“हेरंबला म्हाईत हाय माझं. अवघड तिकीट आलं की माझ्याकडंच टाकतो की. माझं तिकीट परत उघडत न्हाई, त्याला तेवढं बास हाय.”

मी जाग्यावर आले आणि सिस्टीममधून तिकिटांचा पूर्ण इतिहास काढला. तो सगळ्यांना दिसायचा. कुणी बघत नव्हतं एवढंच. साजिदभाईंच्या एकशे चौदा तिकिटांत झोपवलेली तिकिटं शून्य होती. बाकी दहा जणांत सगळ्यांत कमी झोपवणाऱ्याची एकोणचाळीस.

मग मी झोपेचा वेळ धरून सगळ्यांच्या सरासऱ्या नव्याने काढल्या, म्हणजे गोदामातल्या त्या बाईने प्रत्यक्षात जितके तास वाट बघितली तितके. साजिदभाई सहा तास अठ्ठेचाळीस मिनिटं, पहिले. दुसरा चौदा तासांवर. आणि तळाशी सव्वीस तास दहा मिनिटं. बंद केलेलं तिकीट ग्राहकाने परत उघडायला लावलं, असं किती वेळा झालं, तेही मोजलं. साजिदभाईंची दोन. तळाच्या माणसाची एकतीस.

या वेळी नावं झाकलेली नव्हती. तळाला मी होते.

मी तीनदा केलं. तिसऱ्यांदा तर हाताने केलं, कागदावर. सव्वीस तास दहा मिनिटंच आली. झोपवायला मी सगळ्यांच्या मागून शिकले होते, पण नीट शिकले होते: कुठल्या गोदामात किती वाजता घरी जातात, ते मी पाठ केलं होतं आणि प्रश्न बरोबर त्याच्या पाच मिनिटं आधी पाठवायचे.

शुक्रवारी एक वाजून वीस मिनिटांनी मी हेरंबला वैनगंगेत बोलावलं. दुसरा कागद ठेवला. त्याने तो सावकाश वाचला.

“बरोबर आहे,” तो म्हणाला.

“तुम्हाला माहीत होतं?”

“काय, घड्याळ झोपतं ते? अगं, चार वर्षं मी हेच करून लीड झालो.” त्याने कागद उलटा केला. मागे काही नव्हतं. “हे मी वर नाही पाठवू शकत. दर महिन्याला ग्राहकाला अहवाल जातो त्यात सरासरी तीन अठ्ठावन्न. उद्या मी वर लिहिलं की खरी सरासरी अठरा तास आहे, तर डी एकाला नाही, अकरा जणांना. आणि मला.”

“मग साजिदभाईंना?”

“साजिद माझा सगळ्यात चांगला माणूस आहे. आणि दर महिन्याच्या तिसाव्या तारखेला त्याच्यामुळेच मी आकडे जुळवत बसतो. चार तासांच्या आत बसवताना.”

“तुम्ही त्यांना तसं बोलला का कधी?”

“काय बोलू? खोटं वाग म्हणून?”

पलीकडच्या खोलीत कुणाचा तरी वाढदिवस चालला होता. टाळ्या ऐकू येत होत्या.

“एक करता येईल,” हेरंब म्हणाला. “घड्याळाचं नावच काढायचं नाही. परत उघडलेल्या तिकिटांवर यादी करायची. ‘कामाचा दर्जा’ म्हणून. वर चालून जाईल, उलट आवडेल. तुझा हा दुसरा रकाना. त्यात साजिद पहिला येतो.” त्याने त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि ते खालपर्यंत आणलं. “शेवटी कोण आहे ते तू बघितलंयस.”

“हो.”

“तू नवीन आहेस. तेवीसची. डी लागला तरी तुला दुसरीकडे मिळेल काहीतरी. चौथ्या इमारतीचं मात्र विसर. डी असलेल्याला तीन वर्षं बदली नाही. तरीही मी तुझ्यावर सोडतो. मागच्या वर्षी मी कुणाला विचारलं नव्हतं. या वेळी विचारतोय. यातली कुठली पाठवू?”

घड्याळात एक बत्तीस झाले होते. ते आजही सांगू शकते, कारण मी त्या घड्याळाकडेच बघत होते. मी सांगणार होते. वैनगंगेत येताना माझं ठरलेलं होतं, निदान मला तसं वाटत होतं. आईला कसं सांगायचं, तेही जिन्यात जुळवलं होतं.

“दोन्ही पद्धतींत त्रुटी आहेत,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“परत उघडलेल्या तिकिटांचा नमुना लहान आहे. एकतीस म्हणजे... त्यावरून ठामपणे काही म्हणता येत नाही. ग्राहक कधी कधी स्वतःच्या चुकीनेही उघडतो.”

“ते खरंय.”

“आणखी सहा महिन्यांचे आकडे लागतील.”

“शाल्मली, यादी दोनला बंद होते.”

मी काही बोलले नाही. हेरंब थांबला. चांगला थांबला तो, हे मला मान्य केलं पाहिजे. एक चाळीसपर्यंत थांबला. मग म्हणाला, “म्हणजे पहिलीच जाऊ दे?” तरीही मी काही बोलले नाही. त्याने दोन्ही कागदांची घडी केली, वेगवेगळ्या खिशांत घातली आणि उठला.

दोन वाजता बसमध्ये साजिदभाई माझ्या पुढच्या सीटवर होते. एका कागदावर त्यांनी मांजराचं चित्र काढलं होतं आणि ते मागे वळून मला विचारत होते, “हे मांजर वाटतंय का उंदीर? खरं सांग. पोरगी फसली तर शब्द वाया जाईल.”

“मांजरच वाटतंय,” मी म्हणाले.

सोमवारी त्यांना हेरंबने वैनगंगेत बोलावलं. पंधरा मिनिटांनी ते परत आले, खुर्चीवर बसले, एक तिकीट उघडलं, बंद केलं. नाश्त्याच्या वेळी खांबाजवळ माझी वाट बघत उभे होते. डबा उघडला नव्हता.

“डी आलाय मला,” ते म्हणाले. “साठ दिवस.”

मी खुर्ची ओढली.

“हेरंब म्हणाला, आकड्यानं आलंय. तोंड बघून न्हाई. नावं झाकून केलंय म्हणे, कुणाचं काय ते करणाऱ्यालापण म्हाईत नव्हतं. आता त्यावर काय बोलायचं? भांडायचं तर कुणाशी?” त्यांनी खिशातून कागद काढला. त्यात ती सगळी अक्षरं होती, माझ्याच हातची मांडणी. “तू शिकलेली हाईस. जरा बघतीस का, कुठं गणितात चुकलंय का? चुकलं असंल तर मी अर्ज करतो. नसंल तर उगं कशाला तोंड वासायचं.”

“बघते,” मी म्हणाले.

“आज बघ हां. अर्जाला पाच दिवसच हाईत.”

मी तो कागद घेतला. ड्रॉवरमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं. तिसऱ्या दिवशी विचारलं नाही, नुसतं बघितलं. चौथ्या दिवशी बसच्या रांगेत ते माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

“काय निघालं?”

“गणितात चूक नाही, साजिदभाई.”

त्यांनी मान हलवली. “मला वाटलंच. जाऊ दे. तू तरी बघितलंस, बरं झालं. मनात राह्यलं असतं माझ्या.”

साठ दिवसही ते थांबले नाहीत. चौतिसाव्या दिवशी त्यांनी खराडीच्या एका कंपनीत जागा धरली. शिफ्ट दुपारी बारा ते रात्री नऊ. शेवटच्या दिवशी टीमने केक आणला. कुणीतरी विचारलं, आता माहिराच्या अभ्यासाचं काय? ते म्हणाले, “बघू. रविवारी धा तास घेतो की,” आणि सगळे हसले. जाताना त्यांनी माझ्या टेबलावर आपलं जाड रजिस्टर ठेवलं. सात वर्षांतल्या सगळ्या अवघड तिकिटांची उत्तरं त्यात हाताने लिहिलेली होती.

याला नऊ वर्षं झाली. मला बी मिळाला, पुढच्या वर्षी चौथी इमारतही मिळाली. तिथे खिडक्या होत्या.

साजिदभाई गेले त्याच्या पुढच्या महिन्याचा ग्राहकाचा अहवाल हेरंबने मला करायला सांगितला. टीममध्ये दहा जण. तिकिटांची सरासरी वेळ तीन तास एकेचाळीस मिनिटं. साजिदभाई असतानाच्या शेवटच्या महिन्यापेक्षा सतरा मिनिटांनी कमी.